न दिसणारं रक्त

जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडीत, माझ्या मामाचं घर होतं. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, दाराशी मोरी. संडास गल्लीच्या टोकाला आणि तो सगळ्या गल्लीचा. मामा माजास डेपोत कंडक्टर होता. पहाटेची ड्यूटी असली की साडेतीनला टमरेल घेऊन बाहेर पडायचा, कारण पाचनंतर रांग लागायची. आत दिवा नाही, बाहेर माणसं खोकतायत, दार वाजवतायत. अशा वेळी खाली वाकून काय पडलं आणि कुठल्या रंगाचं पडलं हे कोण बघत बसणार? लेंग्याला डाग पडला आणि कपडे धुताना मामीने तो पाहिला, तेव्हा घरात कळलं की मामाला संडासवाटे रक्त जातंय. मामा म्हणाला, मूळव्याध आहे, उभ्या नोकरीत होतेच.

वर्षभर त्याने दुखणं अंगावर काढलं. एका डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी इसबगोल आणि गोळ्या. कुणीतरी सुरणाची भाजी खायला सांगितली, ती मामी आठवड्यातून तीनदा करायची. या सगळ्यात त्याला कुशीवर झोपवून, हातमोजा घालून, बोटाने कुणी तपासलं नाही. मामालाही ते नकोच होतं. पुढे पट्टा दोन भोकं आत गेला, तेव्हा एका तरुण डॉक्टर मुलीने दोन मिनिटांत ती तपासणी केली आणि तिच्या बोटाला गाठ लागली. गुदाशयाचा कॅन्सर, वय ५१. शस्त्रक्रिया झाली, पोटावर पिशवी आली, ती पिशवी गल्लीच्या संडासात जाऊन रिकामी करण्याचे दिवस आले. त्याबद्दल मामा कधी बोलला नाही. मामी अजून बोलते. साडेतीन वर्षांनी तो गेला.

हे प्रकरण घरच्या घरी करता येणाऱ्या स्वस्त तपासण्यांचं आहे आणि आधीच सांगून टाकते की मामाला त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याचं रक्त दिसत होतं. ज्याला रक्त दिसतंय, ज्याची शौचाची सवय महिना-दीड महिन्यात बदलली आहे, ज्याचं वजन विनाकारण उतरतंय, त्याने घरी डबी आणून तपासत बसायचं नाही. थेट डॉक्टरकडे जायचं, आणि डॉक्टरांनी नुसतं ऐकून औषध लिहिलं तर ‘मला तपासा’ असं सांगायचं. घरची तपासणी आहे ती न दिसणाऱ्या रक्तासाठी, काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी.

हे न दिसणारं रक्त येतं कुठून? मोठं आतडं जेमतेम दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर वयाबरोबर काही जणांना बारीक कोंब फुटतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. थोडे वाढतात, आणि त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो, पण सावकाश. कोंबापासून कॅन्सरपर्यंतच्या प्रवासाला साधारण दहा वर्षं लागतात. शरीरातल्या फार थोड्या कॅन्सरांमध्ये आपल्याला इतकी सवड मिळते. कोंब असतानाच कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून, तो काढून टाकला तर कॅन्सर व्हायचाच टळतो. वाढलेल्या कोंबाचं आणि सुरुवातीच्या गाठीचं अस्तर नाजूक असतं, मळ पुढे सरकताना त्याला घासतो आणि रक्त पाझरतं. ते इतकं थोडं असतं आणि मळात असं मिसळून जातं की उजेडात, निवांत, डोळे फाडून पाहिलं तरी कळणार नाही. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ असेल तर पुष्कळदा पहिली खूण संडासात नसतेच. जिना चढताना दम लागतो, रक्त तपासलं की हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं, आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह का कमी झालं, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. हिमोग्लोबिन महापालिकेच्या दवाखान्यात तपासून मिळतं. तेव्हा या प्रकरणातली एक स्वस्त तपासणी तीही समजा.

न दिसणारं रक्त दाखवणारी पहिली युक्ती एका झाडातून आली. कॅरिबियन बेटांवर ग्वायकम नावाचं अतिशय कठीण लाकडाचं झाड होतं. त्याची राळ युरोपात औषध म्हणून जायची. १८६४ साली व्हान डीन या डच शास्त्रज्ञाने दाखवलं की ही राळ रक्ताच्या संपर्कात विशिष्ट परिस्थितीत निळी पडते. रक्तातलं हीम हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन सोडवतं आणि तो राळेला निळा रंग देतो. दवाखान्यात ही परीक्षा बराच काळ चालू राहिली, पण ती घरात आणली अमेरिकेतल्या ओहायोच्या डेव्हिड ग्रीगर या डॉक्टरांनी. १९६७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली कल्पना अशी की राळ लावलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डं रुग्णाने घरी न्यावीत, तीन दिवसांच्या शौचाचा पातळ लेप त्यांवर लावावा आणि ती डॉक्टरकडे परत पाठवावीत. माणसाने दवाखान्यात यायचं नाही, नमुन्याने यायचं. इथून ‘घरगुती तपासणी’ सुरू झाली.

पण कार्ड निळं पडल्याने माणसं वाचतात का? याचं उत्तर मिळायला फार वेळ लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ५० ते ८० वयाच्या ४६ हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला आणि १९९३ साली निष्कर्ष आले. दरवर्षी तपासणी केलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. पुठ्ठ्याचं कार्ड आणि झाडाची राळ, एवढ्यावर! तीस वर्षांनंतर मोजलं तरी तो फायदा टिकून होता.

राळेची खोड एकच. तिला माणसाचं रक्त आणि मटणातलं रक्त यांतला फरक कळत नाही. मुळा, फ्लॉवर, सलगम यांतल्या रसायनांनीही ती निळी पडते, आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळीने रक्त असूनही पडत नाही. म्हणजे तीन दिवस पथ्य पाळणं आलं. या जागी आता दुसरी पद्धत आली आहे, तिचं नाव फिट. तिच्यात माणसाच्याच हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिद्रव्यं असतात. बोकडाच्या रक्ताशी तिचं देणंघेणं नाही. जठरातून किंवा वरच्या आतड्यातून आलेल्या रक्तातलं हे प्रथिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे फिट जे दाखवते ते बहुतेक करून मोठ्या आतड्यातलंच असतं. जपानने १९९२ सालापासून चाळिशीपुढच्या लोकांसाठी हीच पद्धत देशभर स्वीकारली. इंग्लंडने जुनं राळेचं कार्ड २०१९ मध्ये बंद करून फिट आणली.

आपल्याकडच्या लॅबच्या दरपत्रकात या तपासणीला सहसा ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ म्हणतात आणि काही शे रुपयांत ती होते. कोणत्या पद्धतीने करता, हे लॅबवाल्याला विचारावं. काउंटरवरच्या मुलाला पद्धतीचं नाव सांगता आलं नाही तर विचारायचं, ‘आदल्या दिवशी मुळा-मटण खाल्लेलं चालतं का?’ चालत नाही म्हणाला तर ती राळेची.

मी स्वतः ५२ व्या वर्षी फिट केली, ती कशी झाली ते नीट सांगते, कारण छापील सूचनांमध्ये आपलं घर नसतं. पेनाएवढी हिरव्या टोपणाची प्लास्टिकची नळी. आत थोडं द्रव. टोपणालाच जोडलेली बारीक काडी, तिच्या टोकाला स्क्रूसारखे आटे. सूचनापत्रातलं चित्र कमोडचं होतं, आणि नमुना पाण्यात पडू देऊ नका असं खाली लिहिलेलं. मी अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन, पूर्ण वाळवून घेतला होता. लघवी आधी उरकून घ्यायची, कारण तीही मिसळायला नको. मग मळाच्या पृष्ठभागावर चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी काडीचं टोक टोचायचं. रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून एकाच जागी खुपसून भागत नाही. आट्यांमध्ये भरेल तेवढंच पुरे, साधारण दहा मिलिग्रॅम, मोहरीच्या दाण्याहून फार जास्त नाही. काडी नळीत परत घालताना तिथल्या अरुंद गळ्यात जास्तीचा मळ आपोआप पुसला जातो. टोपण खटकन बसलं की नळी पुन्हा उघडायची नाही. पाच-सहा वेळा हलवायची, नाव आणि तारीख घालायची. हाताला काही लागलं नाही, वास आला नाही. दोन मिनिटांचं काम. आधीचे तीन आठवडे मी ते आज-उद्यावर ढकललं होतं.

भारतीय पद्धतीच्या भांड्यावर हे उलट सोपं जातं. ज्या भांड्याचा पुढचा भाग सपाट आणि कोरडा असतो, तिथे आधी पाणी ओतलं नाही की मळ तिथेच राहतो आणि काडी जागेवरच टोचता येते. गल्लीच्या संडासात मात्र सगळं ओलं असतं. तिथे जाताना वर्तमानपत्राची जाड घडी आणि मोबाइलची बॅटरी सोबत हवी. घडी भांड्यात पसरायची, काम झालं की पिशवीत गुंडाळून कचऱ्यात. नळी बंद झाल्यावर शर्टाच्या खिशात मावते, रांगेतल्या कुणाला कळत नाही. लॅबची ती रुंद तोंडाची पारदर्शक डबी हातात धरून रांगेसमोरून चालत येणं ज्याने केलं आहे त्याला या फरकाची किंमत समजेल.

आणखी एक गोष्ट उकाड्याची. हिमोग्लोबिन उष्णतेने नासतं. इटलीत फ्लॉरेन्सच्या संशोधकांना आढळलं की उन्हाळ्यात आलेल्या नमुन्यांत रक्त कमी दिसतं. म्हणजे आजार असून तपासणी ‘नाही’ म्हणण्याची शक्यता वाढते. फ्लॉरेन्समध्ये असं, तर मेमधल्या जोगेश्वरीत पत्र्याच्या पोटमाळ्यावर दोन दिवस पडलेल्या नळीचं काय होईल? ती फ्रिजमध्ये ठेवावी असं किटवर लिहिलेलं असतं. दही-दुधाच्या शेजारी ही नळी कुठलं घर ठेवेल? तेव्हा शनिवारी रात्री नमुना घेऊच नये. लॅब उघडी असेल त्या दिवशी सकाळी घ्यावा आणि तासा-दोन तासांत पोचवावा. पाळी चालू असताना घेऊ नये, मूळव्याधीतून रक्त पडत असेल तेव्हाही नाही.

माझा निकाल निगेटिव्ह आला. त्याचा अर्थ काय? एका वेळची फिट दर पाच कॅन्सरांपैकी साधारण चार पकडते. मोठे, धोक्याचे कोंब ती साधारण चारांतला एकच पकडते, कारण कोंब रोज रक्त पाझरत नाहीत. म्हणून ती एकदा करून सोडून देण्याची गोष्ट नाही. दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, पुन्हा करायची. दहा वर्षांच्या सवडीत निसटलेला कोंब पुढच्या फेरीत सापडतो. मळातला डीएनए तपासणारी महागडी किटं अमेरिकेत २०१४ पासून मिळतात. ती थोडे जास्त कॅन्सर पकडतात आणि तिथेच त्यांची किंमत पाचशे डॉलरहून जास्त आहे. तेवढ्या पैशात आपल्याकडे आयुष्यभराच्या फिट होतील, आणि दरवर्षी केलेली साधी तपासणी मला एकदाच केलेल्या भारी तपासणीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

मग प्रश्न येतो की हे किट सरकारने घरोघर का वाटू नये? मला स्वतःला बराच काळ वाटायचं की वाटावं. आकडे मांडून बसल्यावर मत बदललं, निदान थोडं.

भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी याच शहरात, मुंबईत, झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये ती सुरू केली. त्या नोंदींमधून एक गोष्ट लवकरच लक्षात आली की मोठ्या आतड्याचा कॅन्सर आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी कमी आहे. का कमी, याचा शोध घेणाऱ्यांत पश्चिम रेल्वेचे एक डॉक्टर होते, एस. एल. मल्होत्रा. जोगेश्वरीवरून ज्या गाड्या धावतात त्या रेल्वेचेच. भारतातल्या पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरांची भौगोलिक वाटणी मांडणारा त्यांचा लेख १९६७ साली ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुढे त्यांनी कॅन्सर नोंदणीच्याच आधाराने चावून खाणं, दूध, दही-ताक आणि भाज्यांमधला चोथा यांचा या कॅन्सरशी संबंध जोडून पाहिला. त्यांचे सगळे तर्क सिद्ध झाले असं नाही, पण चोथ्याच्या बाबतीत जगाचं मत पुढे त्याच दिशेने गेलं. रेल्वेच्या कामगारांची दुखणी तपासता तपासता एका डॉक्टराने असा प्रश्न धरून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज जगात दरवर्षी या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण निघतात. भारतात २०२२ चा अंदाज सुमारे ७० हजारांचा आहे. आपली लोकसंख्या जगाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त, त्या मानाने हा आकडा लहानच. आता हिशेब करू. फिट निरोगी माणसांपैकी शंभरात पाच-सहा जणांना विनाकारण पॉझिटिव्ह ठरवते. समजा, जोगेश्वरीतल्या एक हजार धडधाकट माणसांना किट दिलं आणि त्यांच्यात कॅन्सर एकालाच आहे. किट त्या एकाला बहुधा पकडेल, पण त्याच्यासोबत पन्नास-साठ जणांना दुर्बिणीच्या रांगेत उभं करेल. हॉलंडसारख्या श्रीमंत देशालाही हे जड गेलं. २०१४ मध्ये त्यांनी कार्यक्रम सुरू केला तेव्हा दर ग्रॅम मळात १५ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही पॉझिटिव्हची रेषा ठेवली होती. पॉझिटिव्ह इतके निघाले की दुर्बिणी पुरेनात, आणि काही महिन्यांतच रेषा ४७ वर न्यावी लागली. किटच्या निकालात वैद्यकाइतकीच दवाखान्याची क्षमताही लिहिलेली असते, हे मला तेव्हा समजलं.

भारताच्या सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून तीन कॅन्सरांची तपासणी तिशीपुढच्या लोकांसाठी ठरली आहे: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आतड्याचा त्यात नाही, आणि हजारात एकाचा हा हिशेब पाहिला की त्यामागचं कारण पटतं. पण टाटा रुग्णालयातली एक पाहणी मला स्वस्थ बसू देत नाही. तिथे आलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय सुमारे ४७. सर्वांत जास्त गाठी, सुमारे ४२ टक्के, गुदाशयात. टाटाला पोचणारे म्हणजे सगळे रुग्ण नव्हेत, हे मान्य. तरीही पन्नाशीला सुरू होणारा परदेशी पद्धतीचा कार्यक्रम उद्या जसाच्या तसा आणला, तर यातले कितीतरी लोक त्याच्या दारातच पोचणार नाहीत. आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी हातमोज्यातल्या बोटाला लागतात. मामाची लागली. त्या हातमोज्याची किंमत दहा रुपयेही नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे सगळ्यांत स्वस्त घरगुती तपासणी म्हणजे दारात येऊन विचारलेला प्रश्न. हे मी हवेत बोलत नाही. याच मुंबईच्या वस्त्यांमध्ये ते एकदा करून दाखवलेलं आहे, दुसऱ्या कॅन्सरसाठी. टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून बघायच्या. संशयाची जागा मिनिटभरात पांढरी दिसते. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटाला तपासणी न देता फक्त माहिती दिली, यावर टीका झाली आणि ती टीका विसरण्यासारखी नाही. पण बातम्यांनी सगळं श्रेय व्हिनेगरला दिलं, ते मला पटत नाही. ८९ टक्के बायका तपासणीला आल्या, त्या दारात ओळखीची बाई उभी होती म्हणून. संशय निघालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के पुढच्या पक्क्या तपासणीला गेल्या. पाचांतली एक तेव्हाही मागे राहिली.

थायलंडने हाच धडा आतड्यासाठी वापरला. २०११ मध्ये लांपांग प्रांतात गावपातळीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत फिट किटं दिली आणि ६३ टक्के लोकांनी नमुने परत केले. पुढे तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आपल्याकडे आशा आणि महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर जातातच. त्यांच्या पिशवीत उद्या किट नसलं तरी चालेल. ‘संडासातून रक्त पडतं का? घरात आतड्याचा कॅन्सर कुणाला झाला होता का?’ हे दोन प्रश्न त्यांनी विचारले, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला जवळच्या दवाखान्यात बोटाने तपासलं गेलं, तर मामासारख्यांचं वर्ष वाया जाणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, कोलोनोस्कोपीपर्यंत जाण्याची तयारी असलेल्या माणसाने फिट स्वतःहून जरूर करावी, मी करते.

कोलोनोस्कोपीपर्यंत जाण्याची तयारी, हे शब्द मी मुद्दाम वापरले. फिट पॉझिटिव्ह आली तर ती खरी की खोटी हे बघायला दुसरी फिट करायची नसते. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिलीचा प्रश्न सुटत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकांना नसतोच, पण दुर्बीण घालून पाहावंच लागतं, आणि त्यात दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर केलेल्यांमध्ये वाढलेले कॅन्सर जास्त सापडल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. खासगीत ही तपासणी काही हजारांची. केईएम, नायर, सायन इथल्या पोटविकार विभागांत ती बरीच कमी पैशांत होते, पण तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं.

पैशांहून मोठी अडचण कुठल्याच पत्रकावर छापलेली नसते. दुर्बिणीआधी आतडं पूर्ण रिकामं हवं. त्यासाठी औषधाची पूड घातलेलं दोन लिटर किंवा जास्त पाणी, आदल्या संध्याकाळी आणि पहाटे, ग्लासाग्लासाने प्यायचं. मग बारा-पंधरा वेळा संडासला पळावं लागतं, आणि शेवटी नुसतं पिवळसर पाणी पडायला हवं. ज्याचा संडास गल्लीच्या टोकाला आहे, ज्याच्या नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्याने हे कसं करायचं? आतडं नीट साफ झालं नाही तर दुर्बिणीला काही दिसत नाही, आणि सगळं परत करावं लागतं. काही दवाखाने विचारलं तर आदल्या रात्री दाखल करून घेतात. विचारायला हवं, कारण आपण कुठे राहतो हे डॉक्टरांना आपल्याकडे पाहून कळत नाही.

माझा मामेभाऊ ४३ वर्षांचा आहे. सख्ख्या नात्यात साठीच्या आत हा कॅन्सर झालेला असेल तर चाळिशीला, किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी करायची असते. अशांसाठी फिट पुरेशी नाही. म्हणजे त्याची तीन वर्षं उलटली होती. मी दर दिवाळीला विषय काढायचे, तो फराळाचं ताट पुढे सरकवायचा. या वर्षी त्याने स्वतःच फोन केला. ‘ताई, तारीख मिळालीय. आदल्या रात्री तुझ्याकडे येऊ का? आमच्याकडे नाही जमणार.’

संध्याकाळी सहाला तो मामीला घेऊन आला. लिंबाच्या चवीची ती पूड मी पाण्यात कालवली, थंड केली. तिसऱ्या ग्लासानंतर त्याची फेरी सुरू झाली. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवला, बादल्या भरून ठेवल्या. मामी हॉलमध्ये बसून होती. अकराच्या सुमारास ती म्हणाली, ‘ह्यांना अशी एक रात्र मिळायला हवी होती गं, दार बंद करून.’ मी काही बोलले नाही. पहाटे साडेतीनला, मामा टमरेल घेऊन बाहेर पडायचा त्या वेळी, आम्ही शेवटचे दोन ग्लास प्यायला त्याला उठवलं.

दुर्बिणीत डाव्या बाजूला सहा मिलिमीटरचा एक कोंब निघाला. तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढला, त्याला कळलंही नाही. गुंगी उतरल्यावर नर्सने त्याच्या हातात पांढऱ्या झाकणाची छोटी डबी दिली आणि पॅथॉलॉजीच्या खिडकीवर नेऊन द्यायला सांगितली. फॉर्मेलिनमध्ये तळाशी तांदळाच्या कणीसारखं काहीतरी होतं. मामीने ती डबी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिली.